शांतवनदादाचा रविवार

गोठ्यात पाऊल टाकलं की लोक मला डॉक्टर म्हणायचे आणि मी ओ द्यायचो. खरा डॉक्टर मी नव्हतो. तालुक्याच्या दूध संघात पशुवैद्यकीय विभागाचा मी पर्यवेक्षक. डॉक्टर एकच आणि गावं ढीगभर, त्यामुळं जिथं डॉक्टर पोचणार नाहीत तिथं डॉक्टरसारखं तोंड करून जायचं, हे माझं काम. मोटारसायकलच्या मागं एक पेटी, पेटीत सुया, बाटल्या, नळ्या आणि खांद्यापर्यंत येणारे रबरी हातमोजे. ते हातमोजे दिसले की लहान पोरं हसायची आणि मोठी माणसं दुसरीकडं बघायची.

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या नाताळ अंकाचं काम यंदा एका तरुण शिक्षिकेकडं आहे. ती म्हणाली, "समुवेलभाऊ, नोकरीतलं काहीतरी लिहा, पण साक्षीसारखं लिहा." बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, साक्ष म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगणं. मी ऐकलेल्या बहुतेक साक्षींत माणूस आधी फार वाईट असतो आणि मग एकदम चांगला होतो. माझं या दोन्हींतलं काही जमलं नाही. मी आधी होतो तसाच बऱ्यापैकी नंतरही राहिलो. म्हणून दुसऱ्या माणसाबद्दल लिहितो आहे. त्याला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "लिही, पर मला लई मोठा करू नको."

हा माणूस म्हणजे शांतवनदादा, आमच्या दवाखान्यातला व्रणोपचारक. हे सरकारी नाव. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, उधळलेलं जनावर धरणं आणि डॉक्टरांच्या आधी गोठ्यात शिरणं, एवढं सगळं त्या नावात बसतं. वयानं माझ्यापेक्षा मोठा, हुद्द्यानं खालचा. लोकांसमोर तो मला साहेब म्हणायचा आणि पाठ फिरली की "समुवेल, बे, तुझी सुई बोथट हाय" असं ऐकवायचा. बीडला आमची घरं एकाच गल्लीत होती. त्याची बायको रूथवहिनी आणि माझी बायको एकाच चर्चच्या गायनमंडळात गायच्या.

कामात तो एकदम चोख होता आणि गिऱ्हाइकांशी बोलताना शांत. गिऱ्हाइकं एकेक भेटायची. अंबाजोगाईच्या बाजूच्या एका पुढाऱ्याची गाय चारा खाईना, रवंथ करीना. डॉक्टरांनी डाव्या बाजूनं पोट उघडलं. शांतवनदादानं आत हात घालून एक लांबलचक ओला गोळा बाहेर ओढला. ती पुढाऱ्याच्या सत्काराची शाल निघाली. गोठ्याच्या दोरीवर वाळत टाकली होती, ती गाईनं काठासकट गिळली होती. गाय वाचली. पुढारी शालीकडं बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "धुतली तर चालंल का हो?" मी तोंड फिरवलं. शांतवनदादा मात्र गंभीरपणे म्हणाला, "चालंल की, साहेब. पर अंगावर घेऊन गाईसमोर जाऊ नका. तिला चव कळली हाय."

असा तो माणूस होता. रविवार सोडून.

रविवारचं सांगायचं तर आधी किराळ म्हणजे काय ते सांगावं लागेल. ज्वारीचं हिरवं पीक जनावराला आवडतं. पण कोवळी ज्वारी, पाण्यावाचून खुरटलेली ज्वारी, किंवा कापलेल्या बुडख्यातून एखाद्या सरीनंतर फुटलेले कोंब, यांच्यात विष असतं. त्याला किराळ म्हणतात. जनावर ते आवडीनं खातं, मग तोंडाला फेस येतो, पाय लटपटतात, श्वास लागतो आणि बघता बघता ते आडवं होतं. गुळाचं पाणी पाजतात, आमच्याकडं इंजेक्शनं असतात, पण वेळ फार थोडा मिळतो. खरा उपाय आधी करायचा. ज्वारी निसवून कणीस बाहेर पडेपर्यंत थांबायचं, नाहीतर कापून उन्हात चांगली वाळू द्यायची. वाळली की विष उतरतं. आमच्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला हे माहीत असतं. पण दुष्काळात माहीत असलेलं माणसाच्या हाताला आठवत नाही.

धारूरच्या घाटाखाली एका दुष्काळात सोसायटीनं जनावरांची छावणी उघडली होती. उघड्या माळावर दावणीच्या लांबच लांब रांगा, वर पाल्याचं आणि गोणपाटाचं आच्छादन, एका टोकाला टँकरनं भरायचा हौद. माणसंही जनावरांजवळच राहायची. चारा ट्रकनं यायचा, कधी उसाचं वाढं, कधी वाळका कडबा, कधी कुठून कुठून मिळालेलं हिरवं. दूध संघानं दादाला आणि मला तिथं पाठवलं होतं. दादानं पहिल्याच दिवशी नियम घातला, हिरवी ज्वारी असलेला ट्रक त्यानं बघितल्याशिवाय सोडायचा नाही. तो ताट उपटून बुडखा बघायचा, पोगा म्हणजे शेंड्याची गुंडाळलेली पानं उलगडून बघायचा, आणि शंका आली तर सगळा ट्रक माळावर पसरून वाळवायला लावायचा. लोक कुरकुर करायचे, पण ऐकायचे.

धारूरला आमचं चर्च नव्हतं. एका शिक्षकाच्या घराच्या ओसरीवर चार-दोन कुटुंबांची उपासना व्हायची. त्या रविवारी दादा आणि मी सकाळच्या एसटीनं तिकडं गेलो. ट्रक दुपारनंतर यायचा होता. तो सकाळीच आला. खुरटलेल्या ज्वारीचे फुटवे होते. महिनोन्महिने ज्यांनी हिरवं पाहिलं नव्हतं ती जनावरं वासानंच हंबरायला लागली. दावी ताणून उभी राहिली. छावणीच्या कारकुनानं थांबा म्हटलं, पण सोसायटीचे एक सभासद तिथं होते, त्यांना ते हंबरणं ऐकवेना. त्यांनी वाटप सुरू करायला सांगितलं. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. ते सभासद नंतर आमच्यापुढं लहान मुलासारखे रडले.

आम्ही परतलो तेव्हा माळावर जनावरं आडवी पडलेली होती. दादानं एसटीतून उतरल्या उतरल्या पळायला सुरुवात केली. पुढचा वेळ मला नीट आठवत नाही. सुया भरणं, गूळ कालवणं, माना उचलून धरणं, एवढंच आठवतं. बरीच उठली. काही उठली नाहीत. न उठलेल्यांत द्वारकाबाईंचा बैल होता.

द्वारकाबाई विधवा होत्या, एकट्या राहायच्या. त्यांचा बाशिंग्या नावाचा एकच बैल. शेजाऱ्याच्या एका बैलाशी जोडी लावून दोघं आळीपाळीनं शेत करायचे. त्यांनी आरडाओरडा केला नाही. बैलाचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. मग गळ्यातलं दावं सोडलं, गुंडाळून काखेला मारलं आणि गावाकडं चालू लागल्या. दादा त्यांच्यामागं थोडा गेला आणि थांबला.

त्यानंतर दादा उपासनेला आला नाही.

म्हणजे विश्वास सोडला असं नव्हे. घरी प्रार्थना करायचा, मुलांना करायला लावायचा, जेवणाआधी डोळे मिटायचा. पण रविवारी सकाळी रूथवहिनींना सायकलवर चर्चच्या फाटकापर्यंत आणायचा, त्या उतरल्या की सायकल वळवायची आणि बंद दवाखान्याच्या पायरीवर जाऊन बसायचं. कुणाचं जनावर आलंच तर, म्हणून. रविवारी सहसा कुणी यायचं नाही. तो तरी बसायचा. असं एक वर्ष नाही, कित्येक वर्षं चाललं. रूथवहिनी एकट्या आत जायच्या, एकट्या प्रभुभोजन घ्यायच्या. त्यांनी कधी तक्रार केली नाही, पण गाताना त्यांचा आवाज पहिल्यासारखा लागायचा नाही, हे माझ्या बायकोनं मला सांगितलं.

इथं माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. त्या दिवशी ओसरीवर दादाच्या शेजारी मीच बसलो होतो. जबाबदारी माझी जास्तच, कमी नाही. मला वाईट वाटलं, काही दिवस अन्न गोड लागलं नाही, मग लागायला लागलं. माझी घडणच अशी हलकी आहे. त्यामुळं मी त्याची समजूत घालायला जायचो, तेव्हा माझ्या बोलण्याला वजन नसायचं. "तू ट्रक आणला नाहीस, तू वाटला नाहीस, तू देवाच्या घरी होतास," असं मी म्हणायचो. तो म्हणायचा, "तेच तर."

आमचे तेव्हाचे पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, म्हातारे आणि स्पष्ट बोलणारे होते. ते एका रविवारी उपासना आटोपून झग्यासकट दवाखान्याच्या पायरीवर जाऊन बसले. मी बरोबर होतो. म्हणाले, "शांतवन, तू क्षमा मागितलीस का?"

"मागितली. रोज मागतो."

"रोज कशाला? पहिल्या दिवशीच मिळाली. प्रभूनं जे उचललं ते तू रोज त्याच्या हातून हिसकावून घेतोस. त्याचं काम त्याला करू देशील की नाही?"

दादानं सगळं ऐकून घेतलं. "तुमचं खरं हाय, पाळकसाहेब," तो म्हणाला. "देवानं माफ केलं असंल. पर बैल तर मेला न्हवं." पाळकसाहेबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि आम्ही परत आलो. वाटेत ते म्हणाले, "हा माणूस खोटं समाधान घेणार नाही. थांबावं लागेल."

मधल्या काळात दादानं किराळ लागलेली किती जनावरं वाचवली ते मी मोजलं नाही, पण तालुक्यात त्याचं नाव झालं होतं. कणीस येण्याआधी कुणी ज्वारीला हात लावला की बायका म्हणायच्या, शांतवन कंपाउंडर येईल आणि बोलून जाईल. मला वाटायचं, एकेक जनावर उठवलं की त्याचं ओझं थोडं थोडं कमी होत असेल. एकदा एका म्हशीला उभं करून आम्ही परत येत होतो. तेव्हा मी तसं म्हटलं. तो म्हणाला, "ही वाचली त्याचा आनंद हाय. पर हिच्या वाचण्यानं त्यो मेलेला उठत न्हाई. दोन्हीचा काय संबंध?" मला त्याचं पटलं आणि त्याचीच जास्त काळजी वाटली. चांगलं काम करून जे फिटत नाही, ते कशानं फिटायचं?

मग पुन्हा एक मोठा दुष्काळ आला. बिंदुसरा धरणाचं पाणी पार तळाला गेलं आणि बीडपासून जवळच, पालीच्या माळावर छावणी उघडली. या वेळीही सोसायटीचीच, आणि या वेळीही आम्ही दोघं. मी निवृत्तीच्या जवळ नव्हतो, दादा होता. छावणी सुरू झाल्यावर चार-पाच दिवसांनी तो माझ्याकडं आला. चेहरा उतरलेला.

"ती आलीया," तो म्हणाला.

"कोण?"

"बाशिंग्याची मालकीण."

द्वारकाबाई आता पालीजवळ लेकीकडं राहत होत्या. केस पांढरे झालेले, पाठ वाकलेली. लेकीची एक गाभण कालवड घेऊन त्या छावणीत आल्या होत्या. त्या दिवसापासून दादा रांगेच्या दुसऱ्या टोकापासून तपासणी करत यायचा आणि त्यांच्या दावणीच्या दोन जनावरं आधी त्याला काहीतरी दुसरं काम आठवायचं. मग तिथून पुढं मी.

त्यामुळं माझ्या लक्षात आधी आलं की कालवडीच्या फासळ्या दिसू लागल्या आहेत. छावणीत तेव्हा बहुतेक उसाचं वाढं यायचं. वाढं म्हणजे उसाचा शेंड्याकडचा हिरवा पाला. हिरवं आहे तोवर जनावर खातं, वाळलं की तोंड लावत नाही. द्वारकाबाई आपल्या वाट्याचं वाढं उन्हात पसरायच्या. दिवसभर बसून उलथंपालथं करायच्या, पार कडक झालं की मग कालवडीपुढं टाकायच्या. कालवड हुंगायची आणि मान फिरवायची. शेजारचे बाप्ये हसायचे. एक जण म्हणाला, "म्हातारी वाढ्याचा कडबा करायलीय बे."

मी त्यांच्याजवळ बसलो. "मावशी, हे उसाचं आहे. उसाला किराळ नसतं. ताजं घाला, काही होत नाही."

"तुमी साहेब मानूस. तुमाला म्हाईत असंल," त्या म्हणाल्या. "पर मी वाळल्याबगर न्हाई देत."

डॉक्टर आले, त्यांनी समजावलं. लेक येऊन रागावून गेली. द्वारकाबाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि वाढं पसरतच राहिल्या. कालवडीला व्यायला थोडेच आठवडे उरले होते आणि ती उठताना अडखळू लागली होती.

मी दादाला गाठलं. "तू जा. तुझं ऐकतील."

"कंच्या तोंडानं जाऊ?"

माझा स्वभाव चिडायचा नाही, पण त्या दिवशी चिडलो. म्हणालो, "नको जाऊ. ती कालवड मरेल, आणि या खेपेला तू इथं असताना मरेल." असं बोलायला नको होतं. बोलल्यावर लगेच वाटलं. पण तो माझ्याकडं एकदा बघून रांगेच्या त्या टोकाला चालू लागला आणि मी हौदावरची भरलेली बादली तशीच हातात घेऊन त्याच्यामागं गेलो.

डोक्यावरची टोपी काढून तो त्यांच्यासमोर मातीत बसला.

"मावशी, वळखलं का?"

"वळखलं की. पहिल्याच दिशी. तुमी तिकडून तिकडूनच माघारी जाता, म्हनून म्या हाक न्हाई मारली."

दादानं टोपी गुडघ्यावर ठेवली. मग एका दमात बोलला, "तुमचा बैल माज्यामुळं गेला. ट्रक बघायचं काम माजं हुतं. त्या दिशी मी जाग्यावर नव्हतो. प्रार्थनेला गेलतो."

द्वारकाबाईंचा पाल्यावरचा हात थांबला. "कोन म्हनलं तुमच्यामुळं गेला?"

"मीच म्हनतो."

"तुमाला काय म्हाईत?" त्या म्हणाल्या. आवाज अगदी बारीक झाला. "वाटप लागायच्या आदीच म्या ट्रकच्या मागून कवळंभर उपसलं हुतं. लोकांच्या जोड्या, माजा एकटा बैल, वाट्याला कमी येईल म्हनून. माज्या हातानं चारलं त्याला. त्यो खायचा आन मी पाठीवरून हात फिरवायचे. मागून वाट्याचं आलं, ते बी घातलं. बाकीच्यांची उठली. माजा कसा उठंल? त्याच्या पोटात दुप्पट गेलतं." पदरानं तोंड पुसून त्या म्हणाल्या, "लेकीला बी सांगितलं न्हाई. आता हिरवं हातात धरलं की हात कापतो."

मी बादली धरून तसाच उभा होतो. ती खाली ठेवावीशी वाटेना, आवाज होईल म्हणून.

"मावशी," दादा म्हणाला, "उपाशी जनावराला तुमी चारा घातला. मायेनं घातला. ह्यात तुमचं काय चुकलं?"

"ते मला नका सांगू. बैल तर मेला न्हवं."

दादानं मान खाली घातली. आम्हा सगळ्यांना इतकी वर्षं त्यानं हेच उत्तर दिलं होतं आणि आता ते त्याच्याच समोर येऊन बसलं होतं. मला वाटलं, तो उठेल. तो उठला नाही.

"मेला," तो म्हणाला. "त्यो काय परत येत न्हाई. पर मी येशूला मानतो, मावशी. चुकलं असंल, तरी त्याच्यापाशी नेऊन ठेवायचं. त्यो हाकलून देत न्हाई. माफ म्हनला की माफ. मागून उकरून काढत न्हाई. आपल्याला पेलत न्हाई, ते त्याला पेलतं."

"मला तुमचा देव म्हाईत न्हाई."

"त्याला तुमी म्हाईत हाव."

द्वारकाबाईंनी मांडीवरचा पाला झटकला. मग त्यांनी विचारलं, "तुमी ठेवलं का नेऊन?"

हा प्रश्न पाळकसाहेबांनी विचारला होता, मी विचारला होता, रूथवहिनींनी न बोलता रोज विचारला असेल. आम्हाला त्यानं कधी खरं उत्तर दिलं नव्हतं. त्या म्हातारीला दिलं.

"रोज ठिवतो," तो म्हणाला, "आन रोज माघारी घेऊन येतो."

"मग मला कावून सांगता?"

त्यात टोमणा नव्हता, त्यांना खरंच कळून घ्यायचं होतं. दादा हसला. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते त्यानं पुसलं नाही. म्हणाला, "तुमची हरकत नसंल तर मी प्रार्थना करतो. तुमच्यासाठी आन माज्यासाठी."

"करा की. देवाला कोन न्हाई म्हनावं."

दादा एरवी प्रार्थना करायचा ती चर्चमधल्या शुद्ध भाषेत, मोठी मोठी विशेषणं लावून. त्या दिवशी तसलं काही नव्हतं. तो म्हणाला, "प्रभू, त्या रविवारचं समदं घे. मावशीचं घे, माजं घे. मी माघारी मागायला आलो तर देऊ नको." एवढंच. आमेन मी एकटाच म्हणालो. द्वारकाबाई म्हणाल्या, "हां."

मग तो शेजारच्या ट्रकवरून ताज्या वाढ्याची एक पेंढी घेऊन आला. द्वारकाबाईंनी ती धरली. हात कापत होताच. दादानं खालून आपला हात लावला आणि दोघांनी मिळून पेंढी कालवडीपुढं केली. तिनं हुंगलं आणि ओढून खायला सुरुवात केली. द्वारकाबाई तिच्या तोंडाकडं बघत उभ्या राहिल्या, फेस येतो का ते. पेंढी संपली, कालवडीनं मान झाडली आणि आणखी मागितलं. तेव्हा त्या खाली बसल्या.

मी साक्षी बऱ्याच ऐकल्या आहेत, त्यामुळं इथं वाढवून सांगण्याचा मोह मला कळतो. दादाचं दुःख त्या दुपारी संपलं असं मी म्हणणार नाही. त्याला तो बैल अजून आठवतो. फरक एवढाच पडला की आता तो आठवतो आणि पुढचं काम करतो. पूर्वी तो आठवायचा आणि तिथंच थांबायचा.

त्याच आठवड्यात, शनिवारी संध्याकाळी, पेटी आवरता आवरता त्यानं मला विचारलं, "उद्या उपासना किती वाजता असती?"

मी त्याच्याकडं न बघताच वेळ सांगितली. थोड्या वेळानं म्हणालो, "उद्या कर्नाटकाकडून हिरव्याचा ट्रक यायचा आहे. ज्वारीच असेल."

"म्हाईत हाय. द्वारकामावशीला सांगितलंय. ती बघंल."

आणि तसंच झालं होतं. सकाळी बीडला निघताना पाहिलं तर द्वारकाबाई छावणीच्या तोंडाशी दगडावर काठी घेऊन बसल्या होत्या. त्यांच्या परवानगीशिवाय ज्वारीचं एक ताट आत जाणार नव्हतं. कारकून त्यांना आधीच घाबरून होता.

रूथवहिनी चर्चच्या फाटकाशी सायकलवरून उतरल्या आणि सवयीनं आत जायला लागल्या. मागं सायकल स्टँडला लावल्याचा आवाज आला. त्यांनी वळून पाहिलं नाही. बायकांच्या बाजूला जाऊन बसल्या आणि गीतांचं पुस्तक उघडलं ते उलटं. माझ्या बायकोनं ते सरळ करून दिलं. पहिलं गीत सुरू झालं तेव्हा त्यांचा आवाज वरच्या पट्टीत गेला आणि पेटीवाल्याला मागून धावावं लागलं.

दादा शेवटच्या बाकावर माझ्याशेजारी बसला. पाळकसाहेब आता नवे होते, तरुण, त्यांना हा कोण ते माहीत नव्हतं. उपदेश सुरू झाला आणि माझं लक्ष उडालं. ट्रक आला असेल का? म्हातारीला ऐकतील का? कुणी पुढारी मधे पडला तर? उन्हात पसरायला माणसं आहेत का? इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला उपासनेत बसवेना. मी घड्याळ बघितलं, खिडकीतून रस्ता बघितला. दादाला विचारावं म्हणून वळलो तर तो झोपला होता. छातीवर हनुवटी, दोन्ही हात मांडीवर मोकळे, आणि बारीक घोरणं. समोरच्या ओळीतली माणसं मागं वळून बघायला लागली. पाळकसाहेबांनी बोलता बोलता मला डोळ्यांनी खूण केली, त्यांना उठवा. मी मान हलवून नाही म्हटलं आणि त्याला टेकता यावं म्हणून जरा जवळ सरकून बसलो.